नकाशा कोणाचा?

नकाशा म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचें प्रमाणबद्ध चित्र, अशी व्याख्या आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेली असते. व्याख्या चुकीची नाहीं. पण तिच्यांत एक गोष्ट राहून जाते. हें चित्र कोणीतरी काढलेलें असतें, तें कोणासाठीं तरी काढलेलें असतें, आणि त्यांत कांहीं चुकलें असल्यास तें खोडून नीट करण्याचा अधिकार कोणाला तरी असतो व कोणाला तरी नसतो. पहिल्या दोन गोष्टींकडे आपलें लक्ष जातें. तिसरीकडे सहसा जात नाहीं. आज मोबाइलच्या पडद्यावर नकाशा उघडून दवाखाना, बस, पेट्रोलपंप किंवा पाहुण्यांचें घर शोधणें ही नित्याची बाब झाली आहे. कागदाच्या जागीं कांच आली, एवढ्यापुरताच हा बदल नाहीं. दुरुस्तीचा अधिकार एका हातांतून अनेक हातांत जाऊं लागला, हें त्यांतील खरें मर्म आहे. हा पालट कोणत्या क्रमानें घडून आला, आणि खानदेशाच्या पश्चिम टोंकास असलेल्या एखाद्या लहान गांवाच्या दृष्टीनें त्याचें मोल काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

चिंचपाडा हें तें गांव. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर व खांडबारा या दोन स्थानकांच्या दरम्यान तें वसलेलें आहे. तेथील ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयामुळें पंचक्रोशींत त्याचें नांव परिचित आहे. सभोंवतीं भिल्ल, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. गेल्या सव्वाशें वर्षांत हें गांव जागचें हललें नाहीं. परंतु सरकारी नकाशांत त्याचें घर तीन वेळां बदललें. आधीं तें खानदेश जिल्ह्यांत होतें. १९०६ सालीं त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हां तें पश्चिम खानदेशांत गेलें. त्याच जिल्ह्यास पुढें धुळें हें नांव मिळालें; आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा निघाला, तेव्हां चिंचपाडा नंदुरबारचें झालें. शेजारच्या नवापूरची कथा याहून चमत्कारिक आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें अस्तित्वांत आलीं आणि त्यांची सीमारेषा नवापूरच्या रेल्वे स्थानकांतूनच गेली. फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यांत व अर्धा दुसऱ्या राज्यांत आहे, हें त्या मार्गानें जाणाऱ्या प्रवाशांस ठाऊक आहे. नकाशावरील रेघ माणसाच्या बैठकीपर्यंत कशी येऊन पोंचते, याचें इतकें सोपें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

कागदी नकाशे येण्यापूर्वीं हद्दी नव्हत्या असें नाहीं. त्या माणसांच्या स्मरणांत होत्या. देशावरील गांवगाड्यांत शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे महाराची साक्ष निर्णायक मानीत. तो पुढें चालावयाचा, धोंडा, ओढा, जुनें झाड दाखवावयाचा, आणि पंच त्याच्या मागून जावयाचे. ज्याला गांव शिवत नसे, त्याचाच शब्द गांवच्या शिवेवर प्रमाण होता, ही आपल्या समाजरचनेंतील कठोर विसंगति येथें नोंदवून ठेवण्यासारखी आहे. सातपुड्याच्या व नवापूरकडील डोंगराळ मुलखांत तर वस्तीच निराळ्या घडणीची. तेथें गांव म्हणजे एकमेकांस लागून असलेलीं घरें नव्हेत; टेंकडीटेंकडीवर विखुरलेले पाडे मिळून एक गांव होतें. पाड्याला झाडाचें, ओढ्याचें किंवा एखाद्या वडील माणसाचें नांव असतें, आणि तें नांव त्या रानांत वावरणाऱ्या प्रत्येकास माहीत असतें. हें ज्ञान खरें व बिनचूक होतें. त्याची उणीव एवढीच कीं तें त्या रानाबाहेरच्या माणसास उपलब्ध नव्हतें, आणि कचेरीच्या दप्तरांत त्यास जागा नव्हती.

दप्तराचा नकाशा इंग्रजी अमलांत तयार झाला. विल्यम लॅम्टन या लष्करी अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीनें सारा देश मापण्यास आरंभ केला. वीस वर्षें उत्तरेकडे सरकत सरकत तो वऱ्हाडाच्या बाजूस आला, आणि जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें त्याला मृत्यु आला. त्याचें थडगें तेथेंच आहे. ही मोजणी शास्त्रदृष्ट्या थोर होती. पृथ्वीच्या आकाराविषयींच्या ज्ञानांतही तिनें भर घातली. पण तिचा उपयोग प्रथम लष्कराला व कारभाराला व्हावयाचा होता. दुसरी मोजणी महसुलाची. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत जी पद्धत बसविली, ती पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र गेली. ३३ फूट लांबीची, १६ आणे पाडलेली साखळी शेताशेतांतून ओढली गेली. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण जमीन त्याच मापानें बोलतों.

खानदेशानें मात्र या मोजणीचें स्वागत केलें नाहीं. १८५२ सालीं एरंडोल, सावदें, फैजपूर या भागांत मोजणीच्या विरोधांत मोठाले जमाव जमले. अखेर सरकारनें लष्कर आणून हा विरोध मोडला. अडाणी लोकांनीं सुधारणेस केलेला विरोध, असें त्या प्रसंगाचें वर्णन करणें सोपें आहे. पण तें न्याय्य होणार नाहीं. त्या नकाशापासून आपणांस काय मिळणार, हें रयतेस दिसत नव्हतें. काय जाणार हें दिसत होतें. नकाशा तिच्या शेताला प्रश्न विचारीत होता : किती एकर, कसली माती, किती सारा? तिच्या एकाही प्रश्नाचें उत्तर तो देत नव्हता. आणि मोजणीदारानें रेघ चुकविली, तर ती पुसण्याचा अधिकार शेतकऱ्याचा नव्हता; फार तर अर्ज करण्याचा होता.

नकाशा लोकांच्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतो, हें याच सुमारास लंडन शहरांत दिसून आलें. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागांत पटकीची सांथ उद्भवली आणि दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं प्रत्येक मृत्यूची जागा रस्त्यांच्या नकाशावर आंखली. काळ्या खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं झाली, आणि रोग हवेंतून नव्हे तर पाण्यांतून पसरतो, या त्यांच्या मतास डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला. ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. त्या वस्तींतील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांस स्नो यांचें मत पटलें नव्हतें. तें खोडून काढण्यासाठींच त्यांनीं घरोघर चौकशी आरंभिली. कुटुंबाकुटुंबाशीं त्यांची ओळख असल्यामुळें डॉक्टरांस न मिळणारी माहिती त्यांस मिळाली, आणि शेवटीं पंपाजवळच्या ज्या घरांतील आजारी मुलाच्या दुपट्यांचें पाणी विहिरींत झिरपलें, तें घर त्यांनींच शोधून काढलें. नकाशा शास्त्रज्ञाचा होता. पण तो पुरा झाला तो त्या गल्लींत राहणाऱ्या व शंका घेणाऱ्या माणसाच्या हातून. सार्वजनिक उपयोगाच्या नकाशाचें सारें तत्त्व या एका प्रसंगांत आहे.

हें तत्त्व व्यवहारांत उतरण्यास मात्र दीडशें वर्षें जावीं लागलीं. २००४ सालीं इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यानें 'ओपनस्ट्रीटमॅप' हा उपक्रम सुरू केला. कोणींही यावें, आपल्या भागांतील रस्ता, विहीर, शाळा नोंदवावी, दुसऱ्याची चूक सुधारावी, आणि तो नकाशा सर्वांनीं विनामूल्य वापरावा, अशी त्याची रीत. फेब्रुवारी २००५ मध्यें गूगल कंपनीचा नकाशा इंटरनेटवर आला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें पॉल रॅडमाकर या गृहस्थानें भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवून दाखविल्या, आणि मे महिन्यांत एड्रियन होलोवाटी या वार्ताहरानें शिकागो पोलिसांच्या दप्तरांतील गुन्ह्यांच्या नोंदी गल्लीवार मांडल्या. यांतील युक्ति समजण्यास कठीण नाहीं. नकाशा हा तळाचा कागद समजावा, आणि त्यावर एकावर एक पारदर्शक कागद ठेवीत जावें : एकावर दवाखाने, दुसऱ्यावर बसचे थांबे, तिसऱ्यावर पुराचें पाणी. प्रत्येक जागेला अक्षांश व रेखांश या दोन आंकड्यांची खूण असल्यामुळें निरनिराळ्या माणसांनीं, निरनिराळ्या वेळीं केलेले हे कागद एकमेकांवर बिनचूक बसतात. पाहणारा हवा तो कागद ठेवतो, नको तो उचलतो, बोटानें जागा मोठी करून पाहतो. आणि जेथें परवानगी असेल तेथें स्वतःची खूणही करतो.

या शेवटच्या सोयीनें संकटकाळीं मोठें काम केलें आहे. २००८ च्या आरंभीं केनिया देशांत निवडणुकीनंतर दंगे उसळले, तेव्हां कोठें काय घडत आहे तें नागरिकांनीं मोबाइलवरून कळवावें व तें नकाशावर उमटावें, अशी योजना तेथील कांहीं तरुणांनीं केली. तिचें नांव 'उशाहिदी'; स्वाहिली भाषेंत या शब्दाचा अर्थ साक्ष. २०१५ च्या अखेरीस चेन्नई शहर पुरांत बुडालें असतां कोणता रस्ता पाण्याखालीं आहे, हें रहिवाशांनीं अशाच नकाशावर नोंदविलें. मार्च २०२० पासून ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत 'कोविड१९इंडिया' या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनीं राज्याराज्यांचीं पत्रकें गोळा करून जिल्हावार आंकड्यांचा नकाशा रोजच्या रोज चालविला; घरांत कोंडल्या गेलेल्या असंख्य कुटुंबांनीं आपल्या जिल्ह्याचा आंकडा त्यावर पाहिला.

सरकारी दृष्टीही या काळांत पालटली. पूर्वीं तपशिलाचे नकाशे सामान्य माणसास सहजासहजीं मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें लोकांसाठीं नकाशांची स्वतंत्र मालिका काढण्याचें ठरलें. २००९ सालीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें 'भुवन' हें संकेतस्थळ उघडलें. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं भारतीयांस नकाशे तयार करण्यावरील बहुतेक पूर्वपरवानग्या उठविल्या. महाराष्ट्रांत गांवाचा नकाशा व त्यांतील गट आतां इंटरनेटवर पाहतां येतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी तर आपल्या विषयाच्या दृष्टीनें विशेष लक्षणीय आहे. सात-बाराच्या उताऱ्यांतील बारा क्रमांकाच्या नमुन्यावर शेतांत कोणतें पीक आहे तें लिहिण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचें होतें. आतां शेतकरी आपल्याच शेतांत उभा राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन ती नोंद स्वतः करूं शकतो. १८५२ सालीं ज्या दप्तरासाठीं त्याच्या शेतांत जबरीनें साखळी ओढली गेली, त्या दप्तरांत तो प्रथमच आपल्या हातानें लिहूं लागला आहे.

आतां चिंचपाड्याकडे वळूं. मोबाइलवर 'चिंचपाडा' हें नांव लिहिलें तर कल्याण, ऐरोली, वसई अशा कितीतरी ठिकाणचे चिंचपाडे पुढें येतात. कारण चिंचा सर्वत्र आहेत व पाडेही सर्वत्र आहेत. नांव हा येथें पत्ता होऊं शकत नाहीं. अक्षांश-रेखांशांची जोडीच उपयोगी पडते. स्थानकावर गाडीची वाट पाहणारा प्रवासी 'व्हेअर इज माय ट्रेन' या नांवाच्या सोयीनें गाडी कोठपर्यंत आली तें पाहतो. बंगळूरच्या तरुणांनीं काढलेली व २०१८ सालीं गूगलनें विकत घेतलेली ही सोय इंटरनेट नसतांही मोबाइलच्या मनोऱ्यांवरून गाडीचा ठाव लावते, हें डोंगराळ मुलखाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. पण खरी कसोटी स्थानकाजवळ नाहीं, आंतल्या पाड्यांत आहे. १०८ या क्रमांकावर रात्रीं रुग्णवाहिका बोलावली असतां 'अमक्या पाड्यावर या' एवढें सांगून भागत नाहीं. गांवाचें नांव नकाशावर असतें, पाड्याचें असेलच असें नाहीं. आणि गांवाच्या मध्यापासून पाडा डोंगरापलीकडे असूं शकतो. बाळंतिणीच्या किंवा सर्पदंश झालेल्या माणसाच्या बाबतींत तेवढें अंतर म्हणजे जीव जाणें किंवा राहणें. ज्या पाड्याचें नांव व वाट कोणीतरी नकाशावर लिहून ठेवली आहे, तेथें गाडी नीट पोंचण्याचा संभव अधिक. हें लिहिणें दिल्लींतून किंवा परदेशांतून होणारें काम नव्हे. ज्याला ती वाट पायाखालची आहे, त्यानेंच तें करावयाचें आहे.

याहूनही मोठा प्रश्न जमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांतील जमीन कसणाऱ्या आदिवासींस त्या जमिनीवरील हक्क मिळूं शकतो. अट अशी कीं ती जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून त्यांच्या कब्ज्यांत असली पाहिजे. प्रश्न पुराव्याचा. ज्याच्या पिढ्या दप्तराबाहेर गेल्या, त्यानें दप्तरांतला पुरावा कोठून आणावा? नंदुरबारच्या शेजारीं, गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यांत देडियापाडा व सागबारा या भागांत 'आर्च' या संस्थेनें या प्रश्नावर एक उपाय योजला. गांवचे तरुण हातांत जी.पी.एस. यंत्र घेऊन दावेदाराच्या शेताच्या बांधावरून चालत गेले. त्यांच्या पावलांची रेघ उपग्रहानें पूर्वीं घेतलेल्या, तारखेच्या छायाचित्रांवर बसविली गेली. आणि त्या तारखेस तेथें जंगल होतें कीं शेत, हें सर्वांस दिसूं लागलें. पुष्कळ दावे फेटाळले गेले होते. संस्थेच्या अर्जावरून गुजरात उच्च न्यायालयानें २०१३ सालीं त्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. या कामाचें मोल २०१९ च्या फेब्रुवारींत साऱ्या देशास कळलें. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांस जमिनीवरून काढावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १३ तारखेस दिला. २८ तारखेस तो स्थगित होऊन दावे कोणत्या रीतीनें फेटाळले, याची माहिती राज्यांकडून मागविण्यांत आली. या पंधरा दिवसांत लक्षावधि कुटुंबांचें भवितव्य एका प्रश्नावर लोंबकळत होतें : पुरावा नीट तपासला होता कीं नव्हता?

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. उपग्रहाचा डोळा वरून पाहतो. त्याला झाड दिसतें, नांगर दिसत नाहीं. आदिवासी शेतकरी आपल्या शेतांतील मोह तोडीत नाहीं, कारण मोहाचीं फुलें व टोळंबी हें त्याचें पीकच आहे. अशीं झाडें राखलेलें शेत वरून जंगलासारखें दिसूं शकतें, आणि पडीक ठेवलेली जमीन रान वाटूं शकते. मग ज्या चित्रानें एकाचा दावा सिद्ध झाला, त्याच चित्रानें दुसऱ्याचा फेटाळला जावा, हें उघड अन्यायाचें होईल. म्हणूनच या कायद्याच्या नियमांत २०१२ सालीं असें स्पष्ट घालण्यांत आलें कीं उपग्रहाचें चित्र इतर पुराव्यास पूरक समजावें, त्याच्या जागीं मानूं नये. वडील माणसांची जबानी, ग्रामसभेचा ठराव, जागेवरील जुनीं झाडें व विहिरी, यांचें स्थान कायम आहे. शिवेवर पुढें चालणाऱ्या जुन्या साक्षीदारास यंत्रानें निवृत्त केलेलें नाहीं. त्याच्या शब्दास आधार दिला आहे.

यावरून सार्वजनिक नकाशाच्या तीन कसोट्या आपणांस ठरवितां येतील. त्यावरील माहिती कोणत्या तारखेची आहे, तें त्यावर दिसलें पाहिजे. गेल्या पावसाळ्यांत वाहून गेलेला पूल यंदा नकाशावर उभा असणें हें नकाशा नसण्याहून घातक. ती माहिती कोणी दिली, हें कळलें पाहिजे. आणि ती चुकली असेल तर तेथें राहणाऱ्या माणसास ती सहज सुधारतां आली पाहिजे. खासगी कंपन्यांचे नकाशे सोयीचे असले तरी या तिसऱ्या कसोटीस ते पूर्णपणें उतरतात असें म्हणतां येत नाहीं. सुधारणा सुचवितां येते, पण ती स्वीकारण्याचा निर्णय दूरच्या कचेरींत होतो. सरकारी नकाशांतही अर्जाची जुनी रीत अद्याप पुष्कळ अंशीं चालू आहे. यासाठीं सर्वांच्या मालकीच्या नकाशाकडे सुशिक्षित वर्गानें अधिक लक्ष देणें अगत्याचें आहे.

हें काम खर्चाचें नाहीं. प्रत्येक माध्यमिक शाळेंत भूगोलाचे शिक्षक आहेत, आणि वरच्या वर्गांतील मुलांच्या घरीं बहुधा एखादा मोबाइल असतोच. आपल्या गांवाचे पाडे, त्यांचीं खरीं नांवें, पावसाळ्यांत बंद पडणाऱ्या वाटा, बारमाही पाण्याच्या विहिरी, दवाखाना व अंगणवाडी एवढी नोंद एका शाळेनें एका वर्षांत करणें अशक्य नाहीं. नांवें लिहितांना मात्र तीं रहिवाशांस विचारून, त्यांच्या उच्चाराप्रमाणें व देवनागरींत लिहावीं. रोमन अक्षरांतून फिरून आलेलें नांव पुष्कळदां त्या गांवच्या माणसासही ओळखूं येत नाहीं. भूगोलाचा याहून चांगला पाठ दुसरा नाहीं. आणि पुढें एखाद्या रात्रीं त्या नोंदीच्या आधारें रुग्णवाहिका योग्य पाड्यावर पोंचली, तर त्या शाळेनें गांवाचें ऋण फेडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.